बर (आयर्लंड)

बर हे आयर्लंड प्रजासत्ताकाच्या मध्यभागी, ऑफली काउंटीत वसलेले एक छोटे शहर आहे. कॅमकोर आणि लिटल ब्रॉस्ना या दोन नद्यांच्या संगमाजवळ ते वसले असून त्याची लोकसंख्या चार ते पाच हजारांच्या दरम्यान आहे. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत ते पार्सन्सटाउन या नावाने ओळखले जात असे. इ.स. १८४५ ते १९१७ या काळात जगातील सर्वांत मोठी दुर्बीण याच गावात होती आणि आजही बहुतेक प्रवासी ती पाहण्यासाठीच येथे येतात.

आयर्लंडला भेट देणारे प्रवासी सहसा डब्लिनहून थेट पश्चिम किनाऱ्याकडे जातात. देशाचा सपाट, दलदलीचा मध्यभाग ते वाहनाच्या खिडकीतूनच पाहतात. बर हे या मध्यभागाचे वैशिष्ट्यपूर्ण गाव आहे. एका जमीनदार घराण्याने आखलेले हे गाव असल्यामुळे त्याचे चौक, रुंद रस्ते, बागा आणि वेधशाळा यांमागे एकाच इस्टेटीचा पैसा आणि एकाच घराण्याची आवड दिसते. सभोवतालच्या प्रदेशात मात्र प्राचीन मठ, उद्ध्वस्त किल्ले, दुष्काळकालीन अनाथगृहे आणि खणून काढलेल्या पीटच्या दलदली आहेत. गाव आणि परिसर एकत्र पाहिल्याशिवाय दोहोंचा अर्थ नीट लागत नाही.

नाव आणि स्थान

शहराचे आयरिश नाव बिरा असे असून पाण्याने वेढलेली सखल जागा असा त्याचा अर्थ सांगितला जातो. इ.स. १६२० मध्ये सर लॉरेन्स पार्सन्स यांना येथील जमीन मिळाल्यानंतर पार्सन्सटाउन हे नाव रूढ झाले. याच काळात ऑफली काउंटीला किंग्ज काउंटी असे नाव होते. पुढे दोन्ही जुनी नावे अधिकृतपणे परत आली. जुने नकाशे किंवा एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्रीय लेखन वाचताना हे लक्षात ठेवावे लागते, कारण त्यांत 'बर' हे नाव फारसे आढळत नाही.

गाव डब्लिनपासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर आहे. आग्नेयेला स्लीव्ह ब्लूम हे कमी उंचीचे डोंगर, पश्चिमेला शॅनन ही आयर्लंडमधील सर्वांत लांब नदी आणि उत्तरेला विस्तीर्ण दलदली अशी त्याची चतुःसीमा सांगता येईल. देशाच्या मध्याजवळ असल्यामुळे काही जुन्या लेखनात बरचा उल्लेख 'आयर्लंडची नाभी' असा केलेला आढळतो.

मठ आणि निरपराधांचा कायदा

सहाव्या शतकात संत ब्रेंडन यांनी येथे मठ स्थापन केला. समुद्रप्रवासासाठी प्रसिद्ध असलेले संत ब्रेंडन हे वेगळे. त्या दोघांत घोटाळा होऊ नये म्हणून यांना 'बरचे ब्रेंडन' म्हणतात. मठाच्या इमारतींचे आज फारसे काही उरलेले नाही, परंतु त्याच्याशी निगडित दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे इ.स. ६९७ मध्ये येथे भरलेली धर्मसभा. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील आयोना बेटावरील मठाचे प्रमुख अडोम्नान यांनी या सभेपुढे एक कायदा मांडला. युद्धाच्या काळात स्त्रिया, मुले आणि धर्मगुरू यांना ठार मारण्यास किंवा इजा करण्यास त्या कायद्याने बंदी केली आणि उल्लंघन करणाऱ्यास दंड ठरवून दिला. कायद्याला हमी देणाऱ्या राजांची आणि धर्मगुरूंची नव्वदच्या आसपास नावे त्याच्या संहितेत दिलेली आहेत. 'निरपराधांचा कायदा' या नावाने तो ओळखला जातो. युद्धात न लढणाऱ्यांना संरक्षण देण्याच्या युरोपातील सर्वांत जुन्या प्रयत्नांत त्याची गणना होते. तो कितपत पाळला गेला हा प्रश्न वेगळा. पण अनेक लहान राज्ये एकमेकांशी सतत लढत असताना एवढ्या राजांनी एका बंधनाला मान्यता द्यावी, ही सामान्य घटना नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे मॅक रेगोल यांचे शुभवर्तमान. इ.स. ८२२ मध्ये निधन पावलेले मॅक रेगोल हे बरच्या मठाचे प्रमुख होते आणि ही सचित्र लॅटिन हस्तलिखित प्रत त्यांनी तयार केली. पुढे ती इंग्लंडमध्ये गेली आणि दहाव्या शतकात तिच्या ओळींमध्ये जुन्या इंग्रजीतून शब्दार्थ लिहिले गेले. त्यामुळे इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांनाही ती मोलाची वाटते. मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. बरच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिची प्रतिकृती पाहता येते. हे ग्रंथालय पूर्वीच्या मर्सी भगिनींच्या कॉन्व्हेंटच्या इमारतीत आहे.

इस्टेटीचे गाव

मठाच्या काळानंतर हा प्रदेश ओ'कॅरल या गेलिक घराण्याच्या ताब्यात होता. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज राजसत्तेने स्थानिक घराण्यांच्या जमिनी काढून त्या इंग्रज व प्रॉटेस्टंट वसाहतकारांना दिल्या. आयर्लंडच्या इतिहासात या धोरणाला 'प्लांटेशन' म्हणतात. पार्सन्स घराणे याच धोरणातून येथे आले आणि त्यांनी ओ'कॅरल यांच्या जुन्या किल्ल्याच्या जागी आपले निवासस्थान उभारले. सतराव्या शतकातील युद्धांत या किल्ल्याला अनेकदा वेढा पडला, इ.स. १६९० मध्ये पॅट्रिक सार्सफील्ड यांनी घातलेला वेढा त्यांपैकी एक होय. पार्सन्स घराण्याला पुढे 'अर्ल ऑफ रॉस' हा किताब मिळाला.

आज दिसणारी गावाची रचना मुख्यतः अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची आहे. किल्ल्याच्या फाटकापासून निघणारा ऑक्समनटाउन मॉल हा झाडांच्या रांगांचा रस्ता चर्चपर्यंत सरळ जातो. त्याच्या कडेला एकसारख्या उंचीची, साध्या दर्शनी भागाची आणि दारावर पंख्याच्या आकाराची काचेची झडप असलेली जॉर्जियन घरे आहेत. ही घरे बांधताना इस्टेटीने घालून दिलेल्या अटी भाडेकरूंना पाळाव्या लागत, म्हणूनच एवढ्या लहान गावात इतकी एकसंध रचना टिकून आहे.

गावाच्या मध्यभागी एमेट चौकात एक उंच दगडी स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावर काहीही नाही. ड्यूक ऑफ कंबरलँड यांनी इ.स. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधील कलोडनच्या लढाईत मिळवलेल्या विजयाचे स्मारक म्हणून तो पुढच्याच वर्षी उभारला गेला. त्या लढाईनंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात झालेल्या अत्याचारांमुळे ड्यूकचे नाव बदनाम झाले होते. इ.स. १९१५ मध्ये त्यांचा पुतळा खाली उतरवण्यात आला आणि पूर्वी कंबरलँड चौक असलेली ही जागा आता रॉबर्ट एमेट या आयरिश क्रांतिकारकाच्या नावाने ओळखली जाते. स्तंभ मात्र कोणी पाडला नाही. गावाचे दोन्ही इतिहास एकाच दगडात पाहायचे असतील तर या रिकाम्या स्तंभाइतके सोयीचे ठिकाण नाही. चौकातील डूलीज हॉटेल हेही अठराव्या शतकातील आहे.

बर कॅसल आणि लेव्हायथन

बर कॅसलची इमारत आजही पार्सन्स घराण्याचे निवासस्थान आहे. सभोवतालची सुमारे ५० हेक्टरांची बाग, तलाव, नदीकाठ आणि विज्ञान संग्रहालय प्रवेशशुल्क भरून वर्षभर पाहता येतात. बागेत घराण्यातील व्यक्तींनी चीन, हिमालय आणि दक्षिण अमेरिकेतून मिळवलेल्या वनस्पती आहेत. बॉक्स नावाच्या झुडपाची तीनशे वर्षांहून जुनी कुंपणे जगातील सर्वांत उंच म्हणून ओळखली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅमकोर नदीवर बांधलेला लोखंडी झुलता पूल आयर्लंडमधील आरंभीच्या झुलत्या पुलांपैकी एक आहे.

या बागेच्या मोकळ्या हिरवळीवर दोन उंच दगडी भिंती आणि त्यांच्यामध्ये टांगलेली एक अवाढव्य लाकडी नळी दिसते. तिसरे अर्ल ऑफ रॉस विल्यम पार्सन्स (१८००–१८६७) यांनी बांधलेली ही परावर्ती दुर्बीण तिच्या आकारामुळे 'लेव्हायथन', म्हणजे बायबलमधील महाकाय सागरी प्राणी, या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या आरशाचा व्यास ७२ इंच, म्हणजे १.८३ मीटर, आणि नळीची लांबी सुमारे साडेसोळा मीटर होती. उद्घाटनाच्या वेळी एक धर्मगुरू उघडी छत्री डोक्यावर धरून या नळीतून चालत गेले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे.

त्या काळी काचेवर चांदीचा मुलामा देऊन दुर्बिणीचे आरसे बनवण्याची पद्धत प्रचारात आली नव्हती. आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. हा धातू चांगला चकाकतो, पण अतिशय ठिसूळ असतो. ओतल्यावर तो थोडा जरी वेगाने थंड झाला तरी त्याला तडे जातात. रॉस यांच्या आरशाचे वजन सुमारे तीन टन होते. एवढा मोठा आरसा कोणत्याही कारखान्याने पूर्वी बनवला नव्हता, म्हणून त्यांनी किल्ल्याच्या आवारातच भट्ट्या उभारल्या. इंधन म्हणून जवळच्या दलदलीतील वाळवलेले पीट वापरले. ओतलेला आरसा भट्टीतच अनेक आठवडे हळूहळू थंड होऊ दिला जाई. त्यानंतर वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने तो घासून त्याला अचूक वक्रता दिली जाई. ही सर्व कामे इस्टेटीवरील सुतार, लोहार आणि मजूर यांनी शिकून घेऊन केली. हवेने आरसा काळवंडत असल्यामुळे त्याला पुन्हा पुन्हा झिलई द्यावी लागे. एक आरसा दुरुस्तीला असताना वेध थांबू नयेत म्हणून दोन आरसे बनवण्यात आले. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: आरसे बनवण्याची कृती बहुतेक निर्माते गुप्त ठेवत असताना रॉस यांनी आपल्या प्रयोगांचे तपशील, अपयशांसह, प्रसिद्ध केले.

दुर्बिणीची मर्यादाही तिच्या बांधणीतच होती. नळी उत्तर-दक्षिण उभ्या असलेल्या भिंतींमध्ये टांगलेली असल्यामुळे ती वर-खाली भरपूर हलत असे, परंतु पूर्व-पश्चिम दिशेने अगदी थोडीच. एखादा तारा किंवा तेजोमेघ मध्यमंडल ओलांडत असताना सुमारे तासभरच पाहता येई. वेध घेणारा भिंतीवरील लाकडी सज्जात, जमिनीपासून बराच उंच, अंधारात उभा राहून डोळ्याने दिसेल ते कागदावर रेखाटत असे. मध्य आयर्लंडचे आकाश बहुतेक रात्री ढगाळ असते. जगातील सर्वांत मोठ्या दुर्बिणीसाठी याहून गैरसोयीची जागा निवडणे कठीण होते. पण ती तेथे बांधली गेली, कारण तिचा मालक तेथे राहत होता.

तरीही पहिल्याच वसंतात मोठा शोध लागला. एप्रिल १८४५ मध्ये रॉस यांनी शामशबल तारकासमूहातील एम ५१ या तेजोमेघाचा वेध घेतला आणि त्याची रचना सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखी, असल्याचे त्यांना दिसले. आकाशातील एखाद्या वस्तूची सर्पिल रचना ओळखली जाण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांचे रेखाचित्र त्याच वर्षी जूनमध्ये केंब्रिज येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत दाखवण्यात आले. हे सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका आहेत हे सिद्ध व्हायला मात्र १९२० चे दशक उजाडावे लागले. रॉस यांची काही मते चुकीचीही ठरली. मृग नक्षत्रातील तेजोमेघ हा अगणित ताऱ्यांचा समूह असल्याचे त्यांना वाटले होते. तो मुख्यतः तप्त वायूंचा असल्याचे पुढे वर्णपटाच्या अभ्यासाने दाखवून दिले. वृषभ तारकासमूहातील प्रसिद्ध 'क्रॅब', म्हणजे खेकडा, तेजोमेघाचे नाव त्यांनीच आधीच्या ३६ इंची दुर्बिणीतून काढलेल्या चित्रावरून पडले.

शोधाच्या त्याच वर्षी, शरद ऋतूत, आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख लोक मेले आणि तितकेच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेले. रॉस मोठे जमीनदार आणि काउंटीतील प्रमुख अधिकारी होते. वेधाचे काम बहुतांशी थांबले आणि ते दुष्काळी कामांत गुंतले. किल्ल्याभोवतीचा ताऱ्याच्या आकाराचा तट आणि खंदक याच काळात मजुरांना काम मिळावे म्हणून बांधला गेला. आपल्या काळातील इतर अनेक जमीनदारांच्या तुलनेत रॉस यांची प्रतिमा बरी आहे. तथापि दुर्बिणीचा खर्च काही अंशी जमिनीच्या खंडातून आणि काही अंशी त्यांच्या पत्नीच्या वारशातून झाला होता, हे विसरून बागेतून फिरणे योग्य ठरत नाही. हिरवळीवरील दुर्बीण आणि दुष्काळी खंदक एकमेकांपासून काही मिनिटांच्याच अंतरावर आहेत.

पुढील काळात रॉबर्ट बॉल आणि जे. एल. ई. ड्रायर यांसारख्या खगोलशास्त्रज्ञांनी येथे काम केले. ड्रायर यांनी नंतर, इ.स. १८८८ मध्ये, आर्मा येथून प्रसिद्ध केलेली तेजोमेघ व तारकागुच्छांची नवी सर्वसाधारण सूची आजही वापरात आहे. 'एनजीसी' या आद्याक्षरांनी सुरू होणारे क्रमांक तिच्यातलेच. इ.स. १९१७ मध्ये अमेरिकेत माउंट विल्सन येथे १०० इंची दुर्बीण सुरू झाल्यावर लेव्हायथनचा विक्रम मोडला. तोपर्यंत ती निकामी झालेली होती. मूळ आरशांपैकी एक लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १९९० च्या दशकात दुर्बिणीची पुनर्बांधणी करून तिला ॲल्युमिनियमचा नवा आरसा बसवण्यात आला. इ.स. २०१७ पासून याच आवारात 'आय-लोफार' ही रेडिओ वेधशाळा कार्यरत आहे. नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या युरोपीय जाळ्याचा ती भाग असून तिच्या अँटेनांना ढगांची अडचण येत नाही.

घराण्यातील इतर व्यक्ती

तिसऱ्या अर्लच्या पत्नी मेरी रॉस (माहेरच्या मेरी फील्ड) या यॉर्कशायरमधील श्रीमंत वारसदार होत्या. त्या आरंभीच्या स्त्री-छायाचित्रकारांपैकी एक होत. दुर्बीण, कारागीर आणि कुटुंबीय यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे हा त्या काळाचा महत्त्वाचा पुरावा आहे. त्यांच्या अंधारखोलीतील साहित्यही टिकून राहिले आहे.

त्यांचे धाकटे पुत्र चार्ल्स पार्सन्स (१८५४–१९३१) यांनी इ.स. १८८४ मध्ये आधुनिक वाफेची टर्बाइन बनवली. इ.स. १८९७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या संचलनात त्यांची 'टर्बिनिया' ही नौका कोणालाही न विचारता इतर जहाजांमधून भरधाव गेली आणि पाठलाग करणाऱ्या नौकांना ती पकडता आली नाही. औष्णिक आणि अणुविद्युत केंद्रांत वीज निर्माण करणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

याच कुटुंबाची नातेवाईक मेरी वॉर्ड (१८२७–१८६९) ही सूक्ष्मदर्शकावर पुस्तके लिहिणारी आणि त्यांतील चित्रे स्वतः काढणारी अभ्यासक होती. स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद असण्याच्या त्या काळात तिने आपले शिक्षण घरीच पूर्ण केले. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी पार्सन्स बंधूंनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून जात असताना चर्चजवळच्या वळणावर ती खाली पडली आणि चाकाखाली सापडून मरण पावली. स्वयंचलित वाहनाच्या अपघातात मृत्यू पावलेली ती जगातील पहिली ज्ञात व्यक्ती मानली जाते. दुर्दैवाने तिच्या पुस्तकांपेक्षा तिचा मृत्यूच अधिक प्रसिद्ध आहे.

क्रिंकिलची छावणी

गावाच्या दक्षिणेस क्रिंकिल येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली मोठी लष्करी छावणी होती. इ.स. १८८१ पासून ती ब्रिटिश सैन्यातील लेन्स्टर रेजिमेंटचे मुख्य ठाणे झाली. या रेजिमेंटची दुसरी पलटण मुळात मुंबई इलाख्यातील होती. ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८५३ मध्ये उभारलेली 'थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' कंपनीची सत्ता संपल्यावर ब्रिटिश सैन्याची १०९ वी पलटण झाली आणि १८८१ च्या पुनर्रचनेत लेन्स्टर रेजिमेंटमध्ये विलीन झाली. इ.स. १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या नेतृत्वाखाली झाशीवर चालून गेलेल्या फौजेत ही पलटण होती. विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये झाशीच्या ज्या संहाराचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तान्त दिला आहे, तो याच फौजेने केला. निरपराधांचा कायदा ज्या गावात जाहीर झाला त्याच गावाशी या पलटणीचे नाव पुढे जोडले जावे, हा इतिहासातील एक विचित्र योग म्हणावा लागेल.

आयरिश स्वातंत्र्यानंतर इ.स. १९२२ मध्ये रेजिमेंट बरखास्त झाली आणि त्याच वर्षी यादवी युद्धात छावणी जाळण्यात आली. जानेवारी १९२३ मध्ये नव्या सरकारच्या सैन्याने तीन तरुणांना बर कॅसलच्या आवारात गोळ्या घालून मृत्युदंड दिला.

हर्लिंग आणि चोरीला गेलेली रेल्वे

हर्लिंग हा वक्र काठीने आणि लहान चेंडूने खेळला जाणारा वेगवान आयरिश खेळ आहे. या खेळाच्या अखिल आयर्लंड स्पर्धेचा पहिला अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर येथे झाला. त्यात टिपेररीच्या संघाने गॉलवेच्या संघाचा पराभव केला. गावातील संघाने पुढे चार वेळा अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद मिळवले असून उन्हाळ्यातील संध्याकाळी मैदानावर सराव पाहायला मिळतो.

बर ते पोर्टम्ना हा रेल्वेमार्ग इ.स. १८६८ मध्ये सुरू झाला आणि तोट्यामुळे दहा वर्षांतच बंद पडला. त्यानंतर त्याची मालकी कोणाकडे आहे हे ठरेना. रुळ, लाकडी स्लीपर, स्थानकाचे दगड आणि दारे-खिडक्या लोकांनी हळूहळू उचलून नेल्या. स्थानिक इतिहासात तो 'चोरीला गेलेली रेल्वे' या नावाने ओळखला जातो. रॉसक्रेकडे जाणारा दुसरा मार्ग १९६० च्या दशकात बंद झाल्यापासून बरला रेल्वे नाही.

परिसरातील स्थळे

क्लॉनमॅकनॉइज हे परिसरातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ गावाच्या उत्तरेस, शॅनन नदीच्या काठावर आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास संत किरान यांनी येथे मठ स्थापन केला. आज ते एकाकी माळरान वाटते, परंतु त्या काळी ते देशाचे नाके होते. हिमयुगात साचलेल्या वाळू-खड्यांचा एक लांबट उंचवटा दलदलीतून पूर्व-पश्चिम जातो. पायी किंवा गाडीने देश ओलांडण्याचा तोच कोरडा मार्ग होता आणि येथे तो नदीला छेदत असे. या चौफुलीमुळे मठाला विद्यार्थी, राजाश्रय आणि लुटारू हे तिन्ही मिळाले. व्हायकिंग, आयरिश राजे आणि नॉर्मन यांनी तो अनेकदा लुटला, इ.स. १५५२ मध्ये ॲथलोनच्या इंग्रज शिबंदीने केलेल्या लुटीनंतर तो कायमचा ओसाड पडला.

येथे लहान-मोठ्या चर्चचे अवशेष, दोन गोल मनोरे आणि शेकडो कोरीव थडग्यांचे दगड आहेत. मोठा मनोरा इ.स. ११२४ मध्ये पूर्ण झाला आणि अवघ्या अकरा वर्षांनी वीज पडून त्याचा माथा ढासळला. सुमारे चार मीटर उंचीच्या 'धर्मग्रंथांच्या क्रूसा'वर बायबलमधील प्रसंग कोरलेले आहेत. मूळ क्रूस पावसापासून वाचवण्यासाठी संग्रहालयात हलवले असून बाहेर प्रतिकृती उभ्या आहेत. घाईतले प्रवासी प्रतिकृतींसमोर छायाचित्र काढून परततात. मूळ कोरीव काम आतल्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते, म्हणून आधी आत जावे. मुख्य आवारापासून थोडे चालत गेल्यावर बाराव्या शतकातील नन्स चर्चची नक्षीदार कमान लागते.

लॉक बूरा हे पूर्वीचे पीट-उत्खननाचे क्षेत्र आहे. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. त्याची वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर होते. आयर्लंडमध्ये कोळसा फारसा नसल्यामुळे हेच घरोघरचे इंधन होते. इ.स. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने यंत्रांनी पीट काढून विद्युत केंद्रांना पुरवले आणि ऑफलीतील हजारो कुटुंबे या उद्योगावर जगली. उत्खनन चालू असताना इ.स. १९७७ मध्ये येथे मध्याश्मयुगीन शिकारी लोकांची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. या शोधापूर्वी इतक्या जुन्या काळात देशाच्या अंतर्भागात माणूस राहत असल्याची कल्पना नव्हती. आता तेथे तलाव, पक्षी, सायकलचे मार्ग आणि जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांतून घडवलेली शिल्पे आहेत. हवामानबदलाच्या कारणास्तव कंपनीने इ.स. २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. कोरड्या केलेल्या दलदलीतून कार्बन बाहेर पडतो, तर ओल्या दलदलीत तो साठून राहतो, हे त्यामागचे शास्त्रीय कारण आहे. स्थानिकांसाठी मात्र हा रोजगाराचा आणि चुलीतल्या पिढीजात इंधनाचा प्रश्न असल्याने त्यावरील वाद मिटलेला नाही.

स्लीव्ह ब्लूम डोंगरांची सर्वांत उंच जागा, आर्डेरिन, केवळ ५२७ मीटर आहे; सह्याद्री पाहिलेल्यांना हे डोंगर म्हणजे टेकड्याच वाटतील. त्यांचे आकर्षण उंचीत नसून माथ्यावरील ओल्या दलदलीत, झऱ्यांच्या दऱ्यांत आणि पायवाटांच्या निर्जनतेत आहे. पायथ्याच्या किनिटी गावातील दफनभूमीत एकोणिसाव्या शतकात एका जमीनदार कुटुंबाने बांधलेले पिरॅमिडच्या आकाराचे थडगे आहे.

लेप कॅसल हा ओ'कॅरल घराण्याचा बालेकिल्ला भुताटकीच्या कथांसाठी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात भावाने भावाचा खून केल्याची कथा त्याच्या प्रार्थनागृहाशी जोडलेली आहे. तो खाजगी मालकीचा असल्याने आधी परवानगी घेऊनच जावे.

बॅनाहर या शॅननकाठच्या गावात कादंबरीकार अँथनी ट्रॉलप इ.स. १८४१ मध्ये टपाल खात्याच्या नोकरीवर आले होते. शार्लट ब्रॉन्टे यांनी इ.स. १८५४ मध्ये विवाहानंतरचे काही दिवस येथे पतीच्या नातेवाइकांकडे घालवले. पोर्टम्ना येथे सतराव्या शतकाच्या आरंभीचा किल्ला आणि एका जुन्या अनाथगृहातील संग्रहालय आहे. दरिद्री कुटुंबांना अशा अनाथगृहांत आसरा मिळे, पण आत येताच पती, पत्नी आणि मुले यांना वेगळे ठेवले जाई. बर कॅसलची बाग पाहून झाल्यावर हे संग्रहालय अवश्य पाहावे.

प्रवास

डब्लिनहून बर येथे रस्त्याने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. रेल्वेने टलामोर किंवा रॉसक्रेपर्यंत जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. गाव पायी पाहण्यासारखे आहे. क्लॉनमॅकनॉइज, लॉक बूरा आणि डोंगरांकडे जाण्यासाठी मात्र स्वतःचे वाहन सोयीचे, कारण बसफेऱ्या थोड्या आहेत. भारताप्रमाणेच येथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. मे ते सप्टेंबर हा काळ भेटीसाठी चांगला. ऑगस्टमध्ये गावात 'व्हिंटेज वीक' हा उत्सव भरतो आणि त्या आठवड्यात राहण्याची जागा आधी ठरवावी लागते. पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नसल्यामुळे युरोपातील इतर देशांसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा येथे चालत नाही.